एक्केचाळीस चिंचोके

आत्माराम गुरुजींना जाऊन या चैत्रात वर्ष होईल. मठाचे व्यवस्थापक घरी आले आणि म्हणाले, "आजी, गुरुजींवर स्मरणिका काढून राह्यलो. तुम्ही त्यांच्या पहिल्या वर्गातल्या. चार पानं लिहून द्या. चांगलं चांगलं लिहा."

मी म्हटलं, "चांगलं हाये तेवढं चांगलं लिहिते."

ते हसले, चहा प्यायले आणि गेले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते. मी गंमत करत नसते. छापायचं असेल तर छापा. काही गाळावंसं वाटलं तर गाळा. फक्त गाळलेल्या जागी आपल्या मनचं काही घालू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली आणि ती चौथी गुरुजींच्या हाताखालची. हे अक्षर त्यांनीच वळवलेलं आहे. जे लिहायचं आहे तेही त्यांच्याच अक्षरात लिहावं लागतंय, त्याला इलाज नाही.

आमचं गाव कुंभार पिंपळगावहून दीड कोसावर. गुरुजी आमच्या गावच्या शाळेत नोकरीवर आले तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे असतील. उंच, हाडकुळे, तोंडात कायम एक लवंग. सदरे दोनच, एक अंगावर आणि एक दोरीवर. सायकल होती, पण गावात शिरताना उतरून ती हातात धरून चालायचे. म्हणायचे, "म्हाताऱ्या बाया वाटेत बसलेल्या असतात. माझ्या घंटीसाठी त्यांनी का उठायचं?" खडूचे तुकडे ते फेकायचे नाहीत. पाण्यात भिजवून, मळून, तळहातावर वळून पुन्हा खडू करायचे. तो फळ्यावर असा किरकिरायचा की अर्धा वर्ग कान दाबून धरायचा.

त्यांची एक रीत सगळ्या मास्तरांपेक्षा वेगळी होती. प्रश्न विचारल्यावर जो पोरगा उभा राहून "येत न्हाई, गुरुजी" म्हणेल त्याला ते मारायचे नाहीत. "बस. खरं बोललास," म्हणायचे आणि पुढच्याला विचारायचे. पण जो डोकं खाजवत, छताकडे बघत काहीतरी ठोकून द्यायचा, त्याच्या हातावर पट्टी बसायची. आम्हाला आधी हे उलटंच वाटलं. मग सवय झाली. माझं गणित कच्चं होतं. "बस. खरं बोललीस" हे मी त्या वर्षात इतक्या वेळा ऐकलं की घरी माझी आई मला "खरं बोललीस" म्हणूनच हाक मारायची.

फळ्यावर गणित मांडलं की शेवटी ते चार बोटं आडवी ठेवायचे आणि तेवढी जागा मोकळी सोडायचे. म्हणायचे, "ही जागा उत्तराची. येईपर्यंत रिकामी राहील. खोट्या उत्तरानं भरून टाकली तर खरं आल्यावर बसंल कुठं?"

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. शाळा सारवली होती, आमच्या वेण्या घट्ट बांधल्या होत्या. साहेबांनी पोरांना सोडून गुरुजींनाच विचारलं, गोदावरीला मिळणाऱ्या नद्या उगमापासून क्रमानं सांगा. गुरुजींनी पाच-सहा सांगितल्या आणि थांबले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते म्हणाले, "पुढच्या येत नाहीत, साहेब." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर गुरुजी आमच्याकडे वळले आणि स्वतःलाच म्हणाले, "बस. खरं बोललास." आणि खरोखर खुर्चीत बसले. सगळा वर्ग हसला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. त्या दिवसापासून या माणसाचा शब्द मला माझ्या बापाच्या शब्दापेक्षा वजनदार वाटायला लागला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

पाचवी पिंपळगावला होती. बाप नाही म्हणाला. गुरुजी दोनदा घरी आले, दोनदा चहा पिऊन गेले. संपली माझी शाळा.

आता ज्या मुनींपायी हे सगळं झालं त्यांच्याविषयी सांगते.

माझं माहेर महानुभाव पंथाचं. माझ्या बापाची बहीण, माझी आत्या, तरुणपणीच संन्यास घेऊन मठात राहायला गेली होती. काळं लुगडं, डोक्याचे केस काढलेले, हातात झोळी. भिक्षेला आमच्याही दारात यायची, पण भावाचं घर म्हणून भाकरीचा तुकडा जास्त घ्यायची नाही. दुपारी मी मठात गेले की ती मला भालेराजमुनींची वचनं शिकवायची. हे मुनी आमच्या भागातले, यादवांचं राज्य बुडालं त्या धामधुमीतले. आत्याला ती वचनं तिच्या गुरुबाईनं दिली होती, तिला तिच्या गुरुबाईनं. सगळं तोंडी. एक वचन बिनचूक म्हटलं की आत्या एक चिंचोका माझ्या हातावर ठेवायची. चुकलं तर परत घ्यायची. माझं लग्न ठरेपर्यंत माझ्याकडे एक्केचाळीस चिंचोके झाले. तिने काळ्या कापडाची छोटी पिशवी शिवून दिली आणि म्हणाली, "एवढीच हायेत. बेचाळिसावं कुणी सांगितलं तर आपलं म्हणू नको." ती पिशवी अजून माझ्या ट्रंकेत आहे.

आत्या गेली तेव्हा तिच्या झोळीत, कापडी बासनात गुंडाळलेली एक पोथी निघाली. अक्षर देवनागरीसारखं दिसायचं, पण वाचायला जावं तर अर्थ लागायचा नाही. पंथाची सांकेतिक लिपी ती, एका अक्षराच्या जागी दुसरं घातलेलं. वाचणारे एक म्हातारे महंत तेवढे उरले होते. त्यांनी गुरुजींना विचारलं, "मास्तर, शिकता का?" गुरुजी पंथाचे नव्हते. तरी तीन वर्षं दर रविवारी सायकल मारत मठात जाऊन ते ती लिपी शिकले आणि मग त्यांनी ती पोथी आयुष्यभर सोडली नाही. तीस वर्षं.

पोथीत काय होतं ते त्यांनीच पुढे मला समजावून सांगितलं. लष्कर येतंय म्हणून मठ पळाला, तेव्हा गोदावरी उतरताना पोथ्यांची नाव बुडाली. पंथाचं सगळं ज्ञान पाण्यात गेलं. मग भालेराजमुनी एकटे निघाले. गावोगाव म्हाताऱ्या माणसांच्या, त्यातही बायांच्या दारात बसायचे आणि ज्याला जे आठवेल ते उतरून घ्यायचे. प्रत्येक वचनाखाली कोणाच्या तोंडून आलं त्याचं नाव. एका गावात दळण दळणाऱ्या म्हातारीला अर्धं वचन आठवलं, अर्धं आठवेना. मुनी तीन दिवस तिच्या जात्याशी बसले. चौथ्या दिवशी म्हातारी वारली. मुनींनी अर्धं वचन लिहिलं, त्यापुढे लिहिलं 'नाठवे', आणि चार बोटं जागा कोरी सोडून पुढे गेले. अशा कोऱ्या जागा पोथीत सत्तावीस होत्या.

त्यावरच त्यांचं सगळं तत्त्वज्ञान होतं. माझ्या एक्केचाळिसांतलं एक वचन असं आहे: 'आठव तो परमेश्वराचा, विसर तो जीवाचा. जीवे आपुले ते झाकू नये.' गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला तो मला पाठ आहे. म्हणाले, "गया, परमेश्वर विसरत नाही. जीव विसरतो. म्हणून 'मी विसरलो' म्हणणं म्हणजे मी परमेश्वर नाही, हे कबूल करणं. अन् न आठवलेलं आठवलं म्हणणं म्हणजे परमेश्वराच्या जागेवर जाऊन बसणं. बिलकुल बराबर बोलले बाबा."

मला वाटतं, ते आम्हाला पट्टी कशासाठी मारायचे हे त्यांना स्वतःलाच त्या पोथीत सापडलं, आणि म्हणून ते तिच्यात अडकले.

बाबा म्हणतात, बाबा हसले असते, बाबांना हे चाललं नसतं. गुरुजींच्या बोलण्यात भालेराजमुनी शेजारच्या गल्लीत राहत असल्यासारखे यायचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. ती खमकी होती. माझ्यासमोर एकदा म्हणाली, "लोकाच्या घरात सवत असती ती निदान चूल तरी फुकती. माझी सवत सातशे वर्षांची, वरून टकली."

गुरुजी मान वर न करता म्हणाले, "बाबांनी स्त्रीकडून भिक्षा घेताना मान खाली ठेवावी असं सांगितलंय."

"मंग जेवताना बी मान खालीच ठेवा. भाजीत मीठ न्हाई म्हणून वर बघू नका."

गुरुजी निवृत्त झाल्यावर त्यांचं मला बोलावणं आलं. तेव्हा मी सासू झाले होते. आठवड्याला मी पिंपळगावच्या बाजाराला यायचे, येता येता मठात थांबायचे. ओसरीत ते मांडीवर पोथी घेऊन बसत. बोटाचं तेल पानाला लागू नये म्हणून ज्वारीच्या धाटाची काडी ओळीवरून फिरवत. मी वचन म्हणायचे. पोथीशी जुळलं की ते गुडघ्यावर एकदा टिचकी मारायचे. जुळलं नाही की काडी थांबायची. "पोथीत 'जावे' आहे. तू 'जाये' म्हणालीस." मी म्हणायचे, "आत्या जाये म्हणायची." ते दोन्ही लिहून ठेवायचे. एक पोथीचं म्हणून, एक आत्याचं, गयाबाईच्या मुखातून. मी अडले तर नुसते वाट बघायचे. म्हणायचे, "मी थांबतो. ढकलत नाही."

त्यांचं वागणं किती चोख होतं बघा. पोथीत एकदा 'पैजार' शब्द आला. गुरुजींना लागेना. मठाची बासनं शिवणारे करीमचाचा तिथेच माप घेत होते. ते म्हणाले, "पैजार यानी जूता, गुरुजी. आमच्या घरात दादी बोलायची. मारते पैजार, म्हणायची." गुरुजींनी लगेच वहीत लिहिलं: हा अर्थ करीम शिंप्यांनी सांगितला. करीमचाचा घाबरले. "अरे, मेरा नाम कायकू? कुछ लफडा तो न्हाई ना?" गुरुजी म्हणाले, "तुमच्या तोंडून आलं ना? मग तुमचंच नाव." पुढे चाचा बाजारात सगळ्यांना सांगत फिरायचे की पोथीत माझं नाव आहे.

अशी चार वर्षं गेली. एक्केचाळीस वचनं पुरी झाली त्या दिवशी मी म्हटलं, "गुरुजी, पिशवी रिकामी झाली." त्यांनी पोथी मिटली आणि मला दंडवत केला. विद्यार्थिनीला. मी मागे सरकले. इतका मान मला ना माहेरात मिळाला ना सासरी.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुस्तक छापायला एका मोठ्या मठाचे महंत तयार झाले. मोठा कार्यक्रम झाला, मंडप घातला. मला पुढे बसवलं, फोटो काढले, साडी दिली. गुरुजींनी पुस्तक माझ्या हातात देऊन म्हटलं, "वाच, गया. तुझंच आहे."

मी वाचते हळू. ओळीखाली बोट ठेवून. रोज एक पान, कधी अर्धं. आमच्या पडवीत बसून मी ते पुस्तक सहा महिने वाचलं. प्रत्येक वचनाखाली नाव होतं. माझं नाव आलं की बरं वाटायचं, खोटं का बोला. मग एका दुपारी एक वचन आलं: 'दिवा लाविता आंधारासी भांडो नये.' खाली लिहिलं होतं, 'गयाबाईच्या मुखातून, तिच्या आत्याकडून आलेले.'

मी बोट उचललंच नाही. आधी वाटलं, मी विसरले. वय झालंय. पण विसरण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आमच्या आत्यानं पावसाळ्याचे चार महिने कधी दिवा लावला नाही. ज्योतीवर पाखरं मरतात, जीवहिंसा होते, म्हणून ती उजेड आहे तोवर जेवायची आणि अंधार पडला की भिंतीला टेकून बसायची. तिच्या गुरुबाईचंही तेच, मुनींचंही तेच. दिव्याची थोरवी तिच्या तोंडी कशी येईल? हे वचन करणारा माणूस गृहस्थ होता. स्विच दाबून झोपणारा होता.

मी ट्रंकेतली पिशवी काढली. पुस्तकात माझं नाव येईल तिथे एक चिंचोका ठेवत गेले. एक्केचाळीस संपले. पुस्तक संपलं नाही. तुरीचे दाणे आणून पुढे मोजले. सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता तरी मी पिंपळगावला गेले. काकू तोवर वारली होती. गुरुजी अंगणात सदरा वाळत घालत होते. मी उभ्यानंच विचारलं, "गुरुजी, हे दिव्याचं मी कधी सांगितल्तं?"

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या. बराच वेळ केल्या. मग म्हणाले, "बस, गया."

"बसायला आल्ते न्हाई मी. पोथीत नाठवे लिहिलंय तिथं तुम्ही काय घातलं?"

"महंत म्हणाले, सत्तावीस भोकं असलेलं पुस्तक कोण वाचेल. लोक म्हणतील पोथीच खोटी." मग म्हणाले, "अन् मी तीस वर्षं बाबांबरोबर काढली. ते तिथं काय बोलले असते, मला कळतं."

"कळतं ना? मंग खाली तुमचं नाव घाला."

त्यांनी दोरीवरचा सदरा पुन्हा झटकला. मी म्हटलं, "करीमचाचाचं घातलं, तुमचं का न्हाई?"

तेव्हा ते जे बोलले ते मी तसंच लिहिते. "माझं नाव घातलं तर कोण मानेल? मी पंथाबाहेरचा, मास्तर. तू तिची भाची. तुझ्या तोंडाला परंपरा आहे." आणि वर म्हणाले, "तुझं त्यात काय गेलं? तुझं नाव मोठंच झालं."

मी म्हटलं, "परमेश्वराच्या जागेवर तुम्ही जाऊन बसले, अन् कोण बसलंय विचारलं तर माझं नाव सांगितलं."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, लागलं कुठंतरी. ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत काढतो. सत्तावीस जागा कोऱ्या सोडतो. तोवर कुठं बोलू नको. तीस वर्षांची मेहनत आहे, गया." मी शब्द दिला. त्यांनीही दिला. आमच्या दोघांत मी पाळला.

दोन वर्षं मी तोंड मिटून होते. ते दिव्याचं वचन तोवर सगळीकडे झालं. शाळेच्या भिंतीवर रंगवलं. लग्नपत्रिकेत छापलं. शहागडला नातेवाइकांकडे गेले होते, तिथे हमरस्त्यावर उभ्या ट्रकच्या मागे लिहिलेलं दिसलं, खाली भालेराजबाबा. मुनींनी जिवापाड सांभाळलेली खरी वचनं एकालाही पाठ नाहीत. ती कडू आहेत, भिंतीवर शोभत नाहीत.

मग दुसरी आवृत्ती आली. सत्तावीस जागा भरलेल्याच होत्या. नवं एवढंच की आता मलपृष्ठावर माझा फोटो होता. मठानं दिलेल्या साडीतला.

त्याच वर्षी बाहेरगावाहून दोन अभ्यासक आले. एक मॅडम आणि एक सर. मठाच्या ओसरीत पन्नासेक माणसं जमली. गुरुजी खुर्चीवर, मी खाली चटईवर. मॅडम चांगल्या होत्या, माझ्यासमोर खाली येऊन बसल्या. मोबाइल पुढे ठेवून म्हणाल्या, "आजी, ते दिव्याचं वचन तुमच्या आवाजात ऐकायचंय."

मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मला राग नव्हता, हे खरं सांगते. मला वाटलं, हा माणूस साहेबांसमोर 'येत नाही' म्हणालेला आहे. मी सुरुवात केली की तो उठेल आणि पुढचं स्वतः सांगेल.

मी उभी राहिले. शाळेत राहायचे तशी. म्हटलं, "येत न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "आत्ता आठवत नसेल. पूर्वी..."

"कधीच येत नव्हतं. मी सांगितलंच न्हाई ते."

माणसं गुरुजींकडे बघायला लागली. मग गुरुजी हसले. हळू, मायेनं, माणूस लहान लेकराला हसतो तसं. म्हणाले, "वय झालं बिचारीचं. विसरली."

कोणी मला पाणी आणून दिलं. कोणी म्हणालं, "बसा आजी, बसा, ऊन लागलं असंल." मी म्हटलं, "मी विसरले न्हाई. एक्केचाळीस म्हणून दावते. औटकी म्हणू का? यांनीच शिकवलीय." आणि मी साडेतीनाचा पाढा सुरू केला. एक औट साडेतीन, दोन औट सात. लोक हसायला लागले. जितकं बरोबर म्हणत गेले तितकं जास्त हसले. मॅडमनी मोबाइल बंद केला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मुनींचं वचन त्यांनी उलटं करून माझ्यावर वापरलं. विसर जीवाचा म्हणून मुनींनी विसरणाऱ्याला मान दिला होता. गुरुजींनी न विसरणाऱ्याला विसरभोळी ठरवलं.

तेव्हापासून घरात मी काही सांगितलं की पोरगा विचारतो, "आई, गोळी घेतली का?" शेजारणीची कोंबडी आमच्या अंगणात अंडं घालून गेली, मी सांगितलं, तर ती म्हणाली, "राहू द्या आजी, तुम्हाला आठवत नसंल." माणसाचा शब्द गेला की कोंबडीसुद्धा साक्ष देत नाही. नातीनं शाळेच्या स्पर्धेत दिव्याचं वचन म्हटलं आणि बक्षीस आणलं. माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गुरुजींना लकवा झाला तेव्हा मी लगेच गेले नाही. तीन बाजार जाऊ दिले. चौथ्याला ज्वारीच्या कण्यांचा डबा घेतला आणि चिंचोक्यांची पिशवी घेतली. मी माफ करायला चालले नव्हते. मला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की गया विसरली नव्हती. कोणासमोर नाही, नुसतं माझ्यासमोर.

गुरुजींच्या सुनेनं त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. दाढी वाढलेली, डावा हात मांडीवर मेल्यासारखा. शब्द अर्धे यायचे. मला ओळखलं. त्यांच्या कडेला पोथी होती, काळ्या बासनात. सुनेनं मला स्टूल दिलं आणि कण्या भरवून ती आत गेली.

मी काही विचारलं नाही. पिशवी सोडली आणि पहिलं वचन म्हटलं. एक चिंचोका चादरीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची टिचकी गुडघ्यावर पडली. दुसरं म्हटलं, दुसरी टिचकी. 'आठव तो परमेश्वराचा' आलं तेव्हा टिचकी जरा उशिरा पडली, पण पडली. पोथी उघडलेली नव्हती. त्यांना सगळं पाठ होतं. कोणतं माझं आणि कोणतं त्यांचं, हेही पाठ असणार.

एक्केचाळिसावं झालं. टिचकी पडली आणि हात पुन्हा वर गेला. तसाच थांबला. ते डोळे उघडून माझ्याकडे बघत होते.

"पुढं," ते म्हणाले. जिभेला जड जात होतं, पण शब्द स्पष्ट होता.

मी पिशवी उलटी करून दाखवली. "येत न्हाई, गुरुजी."

त्यांचे ओठ हलले. मी स्टूल पुढे ओढलं.

"बस," ते म्हणाले.

मी बसलेलीच होते. पुढच्या दोन शब्दांची वाट बघत राहिले. ढकललं नाही. त्यांनी डोळे मिटले, हात मात्र गुडघ्यावर टेकला नाही. गल्लीतून बाजाराची माणसं परतायला लागली. मी चादरीवरचे चिंचोके एक एक करून पिशवीत भरले, रिकामा डबा उचलला आणि निघाले.